कर्तृत्व की कर्ता?

अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोच्च मान म्हणजे ओहायो राज्यातील कँटन येथील ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’मध्ये निवड. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडूचा विचार होतो. निवड समितीची किमान ८० टक्के मते मिळाली, तर त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा तेथे कायमचा बसवला जातो. समितीने केवळ मैदानावरील कामगिरी पाहावी, असा नियम आहे.

या नियमामागे एक जुना वाद आहे. मान हे सद्‌गुणाचे पारितोषिक असून तो सज्जनालाच मिळतो, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. कूपरस्टाउनचे बेसबॉल हॉल ऑफ फेम या मताच्या जवळ जाते. तेथे सचोटी आणि चारित्र्यही विचारात घेतले जाते. कँटनने मात्र कृती आणि कर्ता वेगळे केले. त्याची कठोर किंमत ओ. जे. सिम्प्सनच्या बाबतीत दिसते. १९७३ मध्ये एका हंगामात २००३ यार्ड धावलेल्या या खेळाडूची निवड १९८५ मध्ये झाली. पुढे खुनाच्या खटल्यात तो निर्दोष सुटला, पण दिवाणी न्यायालयाने १९९७ मध्ये त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरले. पुतळा हलवला गेला नाही. हे पाहून मन अस्वस्थ होते आणि ते व्हायलाच हवे. तरीही १९७३ चा तो हंगाम खोटा ठरत नाही.

नियम पाळणे समितीलाही जड जाते. टेरेल ओवेन्स निवृत्त झाला तेव्हा झेलांतून मिळवलेल्या यार्डांत त्याच्यापुढे फक्त जेरी राइस होता. तरी २०१६ आणि २०१७ मध्ये त्याला डावलले गेले. त्याच्या भांडणांनी संघ दुभंगले, म्हणून हा मैदानावरचाच प्रश्न आहे, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. तो पटण्याजोगा नाही. मोडलेल्या पायातून पुरता सावरण्याआधीच ओवेन्स २००५ चा सुपर बोल खेळला आणि त्याने १२२ यार्ड मिळवले. संघाशी असलेली निष्ठा याहून स्पष्ट कशी दिसणार? २०१८ मध्ये त्याची निवड झाली, पण तो सोहळ्याला गेला नाही.

दुसरा प्रश्न नशिबाचा. गुडघ्याच्या दुखापतींमुळे गेल सेयर्सची कारकीर्द ६८ सामन्यांत संपली. तरी १९७७ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्याला हा मान मिळाला. टेरेल डेव्हिसची भिस्त मुख्यतः पहिल्या चार हंगामांवर होती. त्याला २०१७ पर्यंत थांबावे लागले. जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोणालाही देता येत नाही. पण जे घडले त्याची उंची मोजताना कारकिर्दीची लांबी आड येऊ नये. डेव्हिसला म्हणूनच इतके ताटकळत ठेवणे अन्यायाचे होते.

आकड्यांनाही मर्यादा आहेत. आक्रमक फळीतील लाइनमनच्या नावावर ना यार्ड लागतात, ना सहसा टचडाउन. अँथनी मुन्योझ १९९८ मध्ये पहिल्याच संधीत निवडला गेला, तो त्याचा खेळ वर्षानुवर्षे बारकाईने पाहणाऱ्यांच्या पारखीवर.