नाइस

मागच्या वर्षी एका मित्राने स्वतःची कथा वाचायला दिली. कथा फसली होती. मी म्हणालो, "नाइस आहे." त्याने एवढंच विचारलं, "नक्की वाचलीस ना?" वाचली होती, दोनदा. पण त्या एका शब्दाने ते वाचणं वाया गेलं.

'नाइस'चं मूळ लॅटिनमधल्या 'नेस्कियुस' या शब्दात आहे. अर्थ, न जाणणारा. जुन्या फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. पुढे नाजूक, चोखंदळ, काटेकोर अशी वळणं घेत अठराव्या शतकात तो 'छान'पाशी येऊन टेकला. १८१७च्या अखेरीस आलेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी त्याची थट्टा करतो, कारण तोवर हा शब्द कशालाही चालू लागला होता. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणताना मात्र तो जुना काटेकोरपणा अजून शिल्लक आहे.

माझ्या 'नाइस'मध्ये तो नव्हता. कथा फसली म्हटलं असतं तर कुठे आणि का, हेही सांगावं लागलं असतं, तेही त्याच्या तोंडावर. ते मी टाळलं आणि त्याला चांगुलपणा समजलो. मित्राला दुखवायचं नव्हतं, की मलाच अवघडायचं नव्हतं? खरं उत्तर दुसरं आहे.

परवा ती कथा मी त्याच्याकडून पुन्हा मागून घेतली. या वेळी पेन्सिल घेऊन बसलो आहे.