खलनायकाची मोकळीक

१९९७च्या सुमारास मॅनहॅटनच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत एक रॅपर मंचावर यायचा तो चेहऱ्यावर स्टॉकिंग ओढूनच. पुढे स्टॉकिंगची जागा धातूच्या मुखवट्याने घेतली आणि एमएफ डूम या नावाने तो ओळखला जाऊ लागला. हे रूप कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमचं, विद्रूप चेहरा लोखंडाआड लपवणाऱ्या, सुडाने पेटलेल्या खलनायकाचं. एखाद्या गायकाने नायक सोडून त्याचं रूप का घ्यावं?

डॅनियल डूमिले हे त्याचं खरं नाव. जन्म १९७१चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. धाकटा भाऊ सबरॉक आणि तो केएमडी नावाच्या रॅप-गटात होते. १९९१ साली त्यांचा पहिला अल्बम आला. तेव्हा त्याचा चेहरा उघडा होता आणि हसराही. दुसरा अल्बम हातावेगळा होत आला असताना, १९९३ मध्ये, सबरॉक रस्त्यावरच्या अपघातात गेला. वय अवघं एकोणीस. मोठ्या भावाने राहिलेलं काम एकट्याने पुरं केलं. मुखपृष्ठावर कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या व्यंगचित्राला फाशी दिलेली होती. त्या विटंबनेचाच शेवट व्हावा, हा त्यामागचा रोख. पण चित्रावरून वाद उठला आणि १९९४ मध्ये रेकॉर्ड कंपनीने अल्बम रोखून करारच मोडला. वर्षभरात भाऊ गेला आणि कामही गेलं. पुढची काही वर्षं तो संगीताच्या जगातून नाहीसाच झाला; धड राहायला जागा नाही अशी अवस्था होती.

परतला तो चेहरा झाकून. रॅपच्या दुनियेत ‘मी’ फार मोठा असतो. माझी गल्ली, माझा पैसा, माझी जखम. त्यात आता कोण कसा दिसतो यालाही भाव आला होता. डूम मात्र स्वतःबद्दल पुष्कळदा ‘तो’ म्हणून बोलायचा, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगतोय. नायकावर लोकांनी प्रेम करावं लागतं, नाहीतर तो नायक उरत नाही. खलनायकाच्या मागे ही कटकट नसते. ज्याला जगाने एकदा नाकारलं, त्याने नाकारलं जाण्याची भीतीच वेशीबाहेर ठेवली.

त्या मोकळिकीतून काय निघालं, ते २००४च्या ‘मॅडव्हिलनी’मध्ये ऐकू येतं. निर्माता मॅडलिबबरोबर केलेल्या या अल्बममध्ये बावीस तुकडे आहेत, सगळे मिळून पाऊण तासाच्या आसपास. बाजार ज्या ध्रुवपदावर चालतो, ते इथे जवळजवळ नाहीच. सांगायचं संपलं की गाणं संपतं. यमक मात्र ओळीच्या टोकाशी थांबत नाही. ओळभर अक्षराला अक्षर भिडत जातं आणि मध्येच एखादा विनोद टपकतो. कुणाला खूश करायचं नसलं की माणूस ढिला पडतो, असा आपला समज असतो. इथे मेहनत उलट वाढलेली दिसते, कारण ती सगळी शब्दांकडे वळली.

पण याच वाटेवर एक घसरणही होती. आपल्या कार्यक्रमांना तो कधी कधी मुखवटा घातलेला दुसराच माणूस पाठवायचा. तिकीट काढून आलेले लोक चिडायचे. हाही खलनायकाच्या खेळाचाच भाग, असं समर्थन तो करी. ते पटत नाही. लोकांना आवडण्याची गरज न उरणं ही एक गोष्ट आणि लोकांचं देणं न उरणं ही दुसरी. पहिलीमुळे त्याची गाणी घडली. दुसरीने त्याच्या चाहत्यांना रिकाम्या हाती घरी पाठवलं.

२०१० मध्ये, युरोपच्या दौऱ्यानंतर, अमेरिकेने त्याला परत आत घेतलं नाही. लहानपणापासून तिथे राहिला, पण नागरिकत्व कधी घेतलेलं नव्हतं. उरलेली वर्षं इंग्लंडमध्ये गेली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्स शहरात तो वारला आणि पत्नीने ही बातमी जगाला सांगितली ती ३१ डिसेंबरला. तोवर दोन महिने चाहते त्याला जिवंतच समजत होते.

आपल्या दिवसाचा केवढा तरी भाग कुणाला काय वाटेल या हिशेबात जातो. निरोप लिहून पुसतो, मत अर्धंच मांडतो, केलेलं काम कुणाच्या नजरेस पडलं का ते पाहत राहतो. यातलं एखादं काम आज शाबासकीची वाट न पाहता, नाव पुढे न करता, मन लावून करून पाहावं. नावं ठेवली गेली तरी चालतील. अट एवढीच, की ते ज्याच्यासाठी आहे, त्याच्या पदरात ते पुरतं पडलं पाहिजे. तिथे बदली माणूस पाठवायचा नाही.