खोली भाड्यानें देणें आहे

मनुष्य परक्याला पाणी देतो कीं नाहीं यावरून त्याची परीक्षा करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ही परीक्षा सोपी आहे. कारण पाणी पिऊन परका निघून जातो. जो परका राहावयास येतो, भाडें मोजून देतो आणि बदल्यांत किल्ली मागतो, त्याला आपण काय उत्तर देतों, ही परीक्षा अधिक कठीण. तींत मी नापास झालों, आणि तेंहि मला टोकियोहून आलेल्या एका पत्रामुळें कळलें.

माझा पुतण्या टोकियोंत संगणकतज्ज्ञ म्हणून नोकरीस आहे. गेल्या कार्तिकांत तो घराच्या शोधांत होता. तेथें घर घेतांना शिकिकिन म्हणजे अनामत ठेवावी लागते; शिवाय पुष्कळ ठिकाणीं घरमालकास रेइकिन म्हणून कृतज्ञतेची भेट द्यावी लागते, व ती परत मिळत नाहीं. करार बहुधा दोन वर्षांचा असतो. हें सारें देण्यास तो तयार होता. दलालानें त्याच्यासमोर चार मालकांना दूरध्वनि केला. पगार किती, नोकरी कोठें, यांपैकीं कांहींहि सांगण्यापूर्वीं त्याचा पहिला प्रश्न असे: 'गृहस्थ परदेशी आहेत, चालेल का?' चारहि ठिकाणांहून अत्यंत नम्र शब्दांत नकार आला. एका मालकानें तर, 'माझी स्वतःची हरकत नाहीं, पण शेजाऱ्यांना अडचण होईल,' असें कळविलें. हा अनुभव त्याच्या एकट्याचा नव्हे. जपानच्या न्याय खात्यानें 2017 सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मागील पांच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकीं सुमारें 40 टक्के लोकांनीं केवळ परदेशी म्हणून आपणांस नकार मिळाल्याचें सांगितलें होतें.

पत्र वाचून मला संताप आला. संध्याकाळीं मित्रमंडळींपुढें मीं जपानी लोकांच्या संकुचित वृत्तीवर एक लहानसें व्याख्यानहि दिलें. घरीं आल्यावर पत्नीनें शांतपणें विचारलें, "अहो, पण जूनमध्यें आलेल्या त्या मुलाला तुम्ही काय सांगितलंत?"

आमच्या माडीवरची खोली तेव्हां रिकामी होती. वर्ध्यांत शिकावयास आलेला एक मुलगा ती विचारीत आला. बोलण्यांत विनय होता, भाडें त्याला मान्य होतें. मीं त्याचें गांव विचारलें, वडिलांचा व्यवसाय विचारला, नांव विचारलें. त्यानें नुसतें नांव सांगितलें; मीं आडनांव विचारलें. तें ऐकल्यावर मी म्हणालों, "खोली कालच दिली." तें आडनांव मी येथें लिहीत नाहीं. वाचतांना प्रत्येक वाचकाच्या मनांत एकेक आडनांव आपोआप उभें राहिलें असेल; माझ्या म्हणण्याला तेवढा पुरावा पुरे आहे.

घरमालकाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे, हें मी नाकारीत नाहीं. घर त्याचें असतें. भाडें थकेल, सामान टाकून भाडेकरू निघून जाईल, ठरल्या वारीं ठरलाच कचरा बाहेर ठेवण्याचा नियम त्याला समजणार नाहीं, ही जपानी मालकाची भीति अगदींच निराधार नसते. भीति वाटणें हा गुन्हा नव्हे. प्रश्न त्या भीतीवर आपण उपाय कोणता योजतों, हा आहे. अनामत मागणें, उत्पन्नाचा दाखला मागणें, नियम लिहून देणें या अटी समोरचा मनुष्य प्रयत्नानें पुऱ्या करूं शकतो. 'तूं अमुक देशांत, अमुक कुळांत जन्मलेला नसावास' ही अट कोणाच्याहि प्रयत्नानें पुरी होणारी नाहीं. पहिल्या प्रकारांत आपण मनुष्याची पारख करतों. दुसऱ्यांत त्याच्याकडे न पाहतांच निकाल देतों.

या दोहोंच्या मध्यें एक फसवी अट आहे, ती जामिनाची. जपानी जामीन आणा, ही मागणी दिसावयास व्यवहाराची दिसते; पण नवख्याला तो मिळावा कोठून? ओळख असल्याशिवाय घर नाहीं आणि घर असल्याशिवाय ओळख नाहीं! यावर तेथें दोन उपाय निघाले आहेत. मोबदला घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत, आणि यू.आर. या सार्वजनिक संस्थेच्या घरांना जामीनहि लागत नाहीं व रेइकिनहि लागत नाहीं. टोकियोच्या एदोगावा विभागांत निशी-कासाई येथें सन 2000 च्या सुमारास भारतीय संगणकतज्ज्ञांची वस्ती वाढूं लागली, तिला अशा घरांचा मोठा आधार झाला. त्याच एदोगावाच्या प्रतिनिधिसभेवर 2019 सालीं महाराष्ट्रांतून गेलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. पुरी करतां येईल अशी अट मिळाली कीं परका शेजारी होतो, आणि कधीं कधीं शेजाऱ्यांचा प्रतिनिधीहि होतो.

आपल्या इतिहासांत तर याहून दारुण उदाहरण आहे. 1917 सालीं डॉ. आंबेडकर परदेशांतील उच्च शिक्षणानंतर बडोदें संस्थानच्या नोकरीस गेले, तेव्हां त्यांना त्या शहरांत राहावयास जागा मिळेना. नांव लपवून ते एका पारशी विश्रामगृहांत राहिले. कांहीं दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांना तेथून घालविलें. त्यांनीं दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एकाला नोकरांची अडचण होती, दुसऱ्याला पत्नीची. टोकियोच्या मालकाला शेजाऱ्यांची होती. नकार देणारा स्वतः नेहमीं उदारच असतो. आड येतात ते दुसरे!

आम्हां वर्धेकरांना आतिथ्याचा अभिमान आहे, आणि तो व्यर्थ नाहीं. 1933 सालीं निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षु गांधीजींना भेटावयास वर्ध्यास आले. पुढें त्यांच्या पंथाचे भिक्षु सेवाग्रामच्या आश्रमांत राहिले, आणि त्यांच्या मंत्रालाहि आश्रमाच्या प्रार्थनेंत स्थान मिळालें. परंतु एका थोर पुरुषाच्या आश्रमानें जें केलें त्याचें पुण्य माझ्या माडीला लागत नाहीं. शिवाय पाहुण्याचा सत्कार करतांना यजमान मनांतून वरच्या पायरीवर उभा असतो. भाडेकरू उपकार मागत नाहीं. तो पैसे देतो, दार लावून घेतो आणि त्या दारापुढें आपली बरोबरी मागतो. आपल्याला जड जातें तें हें बरोबरीचें देणें.

मीं त्या मुलाचा शोध केला. गांवाच्या दुसऱ्या टोकास त्याला खोली मिळाली होती. मीं क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, मी रोज तुमच्याच रस्त्यानं जात होतो. माडीवर दिवाळीपर्यंत दिवा दिसला नाही."

या वर्षीं ती खोली पुन्हां रिकामी होत आहे. दारावर मीं कागद लावला आहे. त्यावर भाडें, अनामत, आणि रात्रीं दार बंद करण्याची वेळ लिहिली आहे. नांव विचारावयाचें तें होकार दिल्यानंतर, पावतीवर लिहिण्यापुरतें.