पाचवे कारण

7 जुलै 1962 च्या मध्यरात्री, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, अलितालिया कंपनीचे डीसी-8 विमान जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत ते मुंबईला येत होते. आतल्या 94 जणांपैकी एकही वाचला नाही. आषाढ लागला होता, पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या आणि सह्याद्रीवर ढग बसले होते.

अपघाताचे कारण बिघाड नव्हते. मुंबई अजून चौऱ्याऐंशी किलोमीटर दूर असताना चालकांना ती जवळ आल्यासारखी वाटली आणि त्यांनी विमान खाली घेतले. चौकशीत जे निघाले ते असे: मार्ग मोजण्यात चूक झाली, म्हणून वेळेआधी उतरणे झाले, हाताशी असलेली दिशादर्शक साधने नीट वापरली गेली नाहीत, किमान सुरक्षित उंची सोडली गेली, आणि खालचा मुलूख चालकांच्या ओळखीचा नव्हता. विमान आदळले ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 3600 फुटांवर आहे. अकोल्याच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. नकाशावरच्या समोच्च रेषा जवळजवळ आल्या की तिथे चढ तीव्र असतो, हे वाक्य मी प्रत्येक वर्गाला पाठ करायला लावले. ते नुसते परीक्षेसाठी नव्हते, हे मला जुन्नरला कळले. मुलींची सहल घेऊन नाणेघाटाकडे गेलो होतो. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी डोंगराच्या दिशेने हात करून त्या रात्रीची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, “त्यांची वेळ आली होती, बाई.”

या वाक्याशी माझे भांडण तेव्हापासूनचे आहे. मी श्रद्धावान आहे. शेगावची पायी वारी केली आहे, पोथीचे पारायण करते, प्रारब्ध मानते. म्हणूनच हे भांडण मला टाळता येत नाही. 94 जणांची, वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या माणसांची वेळ एकाच क्षणी, एकाच उतारावर कशी आली? आमच्या गीतामंडळात एका ताईंनी उत्तर दिले होते: समष्टी कर्म. सगळ्यांनी मिळून कधीतरी काही केले असेल. मला हे उत्तर ऐकवत नाही. कर्मसिद्धान्त ज्याचे त्याला भोगायला लावतो. त्याची ताकद त्या नेमकेपणात आहे. न पाहिलेल्या पापाची मोळी बांधून ती मेलेल्यांच्या डोक्यावर ठेवणे हा सिद्धान्त नव्हे. ती मेलेल्यांची निंदा आहे, आणि तिला उत्तर द्यायला ते नाहीत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कोणतीही क्रिया घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दैव नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. आधीची चार तपासल्याशिवाय पाचव्याकडे जाण्याची मुभा गीता देत नाही, असे मी समजते. जुन्नरच्या चौकशीचे निष्कर्ष या श्लोकाशेजारी ठेवून पाहावेत. कर्ता आहे, साधने आहेत, चेष्टा आहेत. शंकराचार्य भाष्यात पाचव्याबद्दल सांगतात की डोळ्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता म्हणजे दैव. सूर्य असेल तर डोळा पाहील. त्या मध्यरात्री सूर्य नव्हता आणि ढगांमुळे डोंगराची कडाही दिसत नव्हती. दैव खरोखरच प्रतिकूल होते. पण डोळ्याला देवतेची साथ नसते तेव्हा माणसाने काय करायचे, याचे उत्तर विमानात होते: उपकरणे, ठरलेली उंची आणि नकाशा.

मुंबईच्या वाटेवरचे डोंगर त्याआधीही तसेच उभे होते. 12 जुलै 1949 ला, ऐन पावसाळ्यात, केएलएमचे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून 45 जण गेले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे तेरा अमेरिकी पत्रकार होते. जुन्नरनंतर सतरा वर्षांनी, 4 ऑगस्ट 1979 ला, पुण्याहून मुंबईला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे अ‍ॅव्हरो विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरात गेले, पुन्हा 45. तिन्ही वेळा पावसाळा, तिन्ही वेळा मुंबईची वाट, तिन्ही वेळा डोंगर. एवढे सगळे एका रेषेत दिसत असताना नशिबाचे नाव घेऊन पुस्तक मिटायचे, तर देवाने बुद्धी कशासाठी दिली?

कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी पुस्तक मिटले नाही. विमानाखालची जमीन रेडिओ लहरींनी मोजून ती धोकादायक वेगाने जवळ येऊ लागली की ओरडून सांगणारे यंत्र त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस घडवले. 1 डिसेंबर 1974 ला वॉशिंग्टनकडे येणारे एक विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळून 92 जण मेले आणि अमेरिकेने हे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे केले. नव्वदच्या दशकात त्यात पृथ्वीवरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशाच भरला गेला. त्यासाठी सोव्हिएत लष्कराचे नकाशेही मिळवले होते. त्यानंतर असे अपघात फार कमी झाले. आता मला सांगा, त्या प्रवाशांची ‘वेळ’ कोणी पुढे ढकलली? ती आधीच लिहिलेली असती, तर एका पेटीने ती कशी पुसली गेली? आणि लिहिलेली नव्हती, तर जुन्नरच्या माणसांबद्दल आपण ते इतक्या सहज का बोललो?

गेल्या वर्षी बेलोऱ्याहून मुंबईला विमानाने गेले. अमरावतीला एप्रिल 2025 पासून ही सोय झाली आहे. घाटमाथ्यावर ढगांत शिरताना मी शेगावच्या महाराजांचे नाव घेतले, आणि बेटमन यांच्या आत्म्याला शांती मिळो असेही म्हटले. दोन्ही प्रार्थनाच होत्या.

आणखी एक माणूस या विषयात माझ्या मनातून जात नाही. गणिती अब्राहम वाल्ड. दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत याचा अभ्यास चालू होता. भोके असतील तिथे पत्रा जाड करावा, असे कोणालाही वाटेल. वाल्ड यांची मांडणी उलट होती: ही तर परत आलेली विमाने आहेत. ज्यांना इतर ठिकाणी गोळी लागली ती आलीच नाहीत, तेव्हा पत्रा तिथे हवा. हेच वाल्ड 13 डिसेंबर 1950 ला, व्याख्यानांसाठी भारतात आलेले असताना, निलगिरीत कोटागिरीजवळ एअर इंडियाचे विमान डोंगरावर आदळून पत्नीसह गेले.

त्यांचा विचार मी देवघरात घेऊन आले आहे. ‘देवाने वाचवले’ ही साक्ष देणारे सगळे परत आलेले असतात. ज्याचे विमान चुकले, जो शेवटच्या क्षणी उतरला, त्याची कथा घरोघर फिरते. जो वाचला नाही त्याच्याही गळ्यात देवाचे लॉकेट असेल, त्यानेही निघताना नमस्कार केला असेल. तो सांगायला येत नाही. वाचलेल्याने हात जोडावेत, अवश्य जोडावेत. पण त्या कृतज्ञतेतून गेलेल्याची भक्ती कमी पडली असा निकाल निघत असेल, तर ती कृतज्ञता उरत नाही.

अणुशास्त्रज्ञ होमी भाभा गेले तेव्हा उलटे झाले. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ माँ ब्लाँवर आदळले, 117 जण मेले. याच पर्वतावर 1950 च्या नोव्हेंबरात ‘मलबार प्रिन्सेस’ गेले होते. ‘कांचनजंगा’चा दिशा दाखवणारा एक रेडिओ बंद होता, रडारवरून सांगितलेले चालकाला नीट उमगले नाही, पर्वत मागे पडला असा त्याचा समज झाला. तरी भाभांसाठी आजही कट शोधला जातो. मोठा माणूस गेला की आपल्याला कट लागतो, साधा माणूस गेला की नशीब पुरते. दोन्ही वेळा कारणे बघायची राहून जातात.

हे मी पुस्तकी वाद म्हणून लिहीत नाही. माझा भाचा परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात गेला. श्रावणातले धुके, वळण, आणि आधीच्या पावसाळ्यात ढासळलेला, कोणीही न बांधलेला कठडा. तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, “काय करता बाप्पा, वेळ आली होती.” कोणी कठड्याचे नाव काढले नाही. मी काढले तर एक जण म्हणाले, “आता काहून उकरता वो? पोरगा काय परत येते?”

गाडगेबाबांच्या पोराच्या मृत्यूची बातमी त्यांना कीर्तन चालू असताना मिळाली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, असे आमच्याकडे सांगतात. मला त्यातून कळते ते इतकेच, की स्वतःच्या दुःखावर माणूस वैराग्याने उभा राहू शकतो. दुसऱ्याच्या दुःखावर ते वैराग्य लादायचा अधिकार बाबांनी कधी घेतला नाही. उपाशी, आजारी माणूस दिसला तर त्याचे प्रारब्ध सांगत बसले नाहीत, धर्मशाळा बांधल्या.

म्हणून माझी ताई ‘त्याची वेळ आली होती’ म्हणते तेव्हा मी गप्प राहते. ती आई आहे. रात्र काढायला तिला जे लागते ते तिने धरावे. बाकी कोणी म्हटले तर मी कठड्याची गोष्ट काढते, आणि काढतच राहीन. कठड्यासाठी केलेल्या अर्जावर ताईनेही सही केली. सही करताना ती म्हणाली, “देवाला राग तर नाही येणार ना?” मी म्हटले, “चार कारणं तपासायला त्यानंच सांगितलं आहे, ताई.” पुढच्या सुनावणीला ती माझ्याबरोबर अमरावतीला येणार आहे.