मौनाचा धडा

शास्त्राच्या पुस्तकांत पुनरुत्पादनाचा पाठ आला कीं शिक्षकांनीं 'हा भाग घरीं वाचून या' असें सांगावें आणि पुढील पाठ उघडावा, हा प्रकार आपल्या शाळांत इतका रूढ आहे कीं त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं त्या दिवशीं पाठ नुसता गाळला जात नाहीं. त्याच्या जागीं दुसराच शिकविला जातो. शरीर ही लाजेची वस्तु आहे व तिच्याविषयीं वडील माणसांस विचारूं नये, हा तो पाठ होय.

हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें, १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें व त्यापायीं खटले सोसले. ऐंशीं वर्षांनीं, २००७ सालीं, किशोरवयीन मुलांसाठीं आखलेला शिक्षणक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांनीं रोखून धरला. हें शिक्षण देणें आईबापांचा अधिकार आहे, शाळेनें अकालीं कुतूहल जागें करूं नये, असा विरोधकांचा आक्षेप असतो. तो सर्वस्वी पोकळ नाहीं. आठ वर्षांच्या व पंधरा वर्षांच्या मुलास एकच गोष्ट सांगणें हा अविचारच होय. परंतु अधिकार ज्याचा, कर्तव्यही त्याचेंच. तें किती घरांत पार पडतें, हें वाचकांनीं स्वतःचें बालपण आठवून ठरवावें.

शिवाय ह्या मौनाची किंमत सर्वांस सारखी पडत नाहीं. चारचौघांसारख्या मुलास सोबत्यांकडून किंवा मोबाइलवरून खरेंखोटें कांहीं तरी कळतेंच. पण कर्णबधिर मुलीस स्वतःच्या अवयवांच्या खुणाच कोणीं शिकविल्या नसतील, तर तिच्या अंगास कोणीं हात लावल्यास ती तें सांगणार कशी? बालकांवरील लैंगिक अत्याचार कळल्यास तो कळविणें २०१२ च्या कायद्यानें बंधनकारक केलें आहे. पण जिला सांगावयाचें साधनच दिलें नाहीं, तिच्यावरील अत्याचार कळणार कोणास?

आणि ज्या मुलाचें मन वा देह पुस्तकांतील ठराविक चौकटींत बसत नाहीं त्याचें काय? सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली; २०१८ सालीं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत असा निर्णय दिला. तथापि तृतीयपंथी मुलांस शाळेंत सामावून घेण्याविषयीं एन.सी.ई.आर.टी.नें शिक्षकांसाठीं तयार केलेली पुस्तिका २०२१ सालीं आक्षेप येतांच संकेतस्थळावरून काढण्यांत आली. न्यायासनानें ज्यांचें अस्तित्व मान्य केलें, त्यांचा उल्लेखही वर्गांत अवघड होऊन बसला.

ह्याचा दोष एकट्या शिक्षकांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तेही ह्याच मौनांत वाढले. ह्या विषयाची तयारी त्यांच्याकडून कोणीं करून घेतली नाहीं, आणि आज धीर करून बोलावें तर उद्यां पालकच जाब विचारण्यास येतात. म्हणून शिक्षकांस आधीं शिकविलें पाहिजे, पालकांस विश्वासांत घेतलें पाहिजे, आणि पाठ वयाप्रमाणें, पण कोणत्याही मुलास न वगळतां, रचला पाहिजे.

हें सर्व होईल तेव्हां होवो. तोंवर आपलें मूल तो पाठ 'घरीं वाचावयास' घेऊन आलें, तर त्याच्याजवळ बसून तो वाचण्याचें धैर्य आपणांपाशीं आहे काय?