ऊब कोणाची?

लोकर गरम असते हा समज बोलीत इतका मुरलेला आहे की ‘गरम कपडे’ म्हणताना त्यात काही चुकत असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या परिभाषेत हा प्रयोग तपासला, तर तो टिकत नाही. न्यायशास्त्राची पहिली पोथी म्हणून पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त स्पर्शाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ना गरम ना थंड. शीत स्पर्श पाण्याचा, उष्ण स्पर्श तेजाचा, आणि पृथ्वी व वायू या दोहोंचा स्पर्श अनुष्णाशीत होय. लोकर हे पार्थिव द्रव्य आहे आणि तिच्या केसांत अडकून राहिलेली हवा हा वायू आहे. म्हणजे लोकरीच्या वस्त्रात जे काही असते त्यातले काहीच स्वतः उष्ण नसते. मग पौषातल्या पहाटे लोकरी मोजे चढवलेल्या पोटऱ्यांना जाणवणारी ऊब नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो, आणि तो केवळ वस्त्रांपुरता राहत नाही, कारण एकाने दुसऱ्याला ऊब ‘देणे’ म्हणजे काय, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

हा प्रश्न जेथे दर हिवाळ्यात पायांना पडतो असे एक गाव डोळ्यांसमोर घेऊ. इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर हे पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव, आणि त्याच्या उत्तरेला भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. हा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला. येथली थंडी हिमालयातल्यासारखी नाही, पण ज्याला शेतीची वीज रात्रीची मिळते आणि उसाला पाणी धरण्यासाठी मध्यरात्री सऱ्यांत उभे राहावे लागते, त्याला तिची ओळख पायांपासून होते. पाय हृदयापासून सर्वांत दूर. थंडी वाढली की शरीर त्यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि आपले तेज धडाभोवती राखते. उजनीच्या उथळ पाण्यात भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून तासन्‌तास उभे असतात, तेही आपली उष्णता राखण्यासाठी असावे असे अभ्यासक मानतात. त्यांना विणून देणारे कोणी नाही, म्हणून देहानेच ती सोय केली आहे.

माणसाने ती सोय सुयांवर केली. लेग वॉर्मर या इंग्रजी नावानेच ओळखले जाणारे हे वस्त्र म्हणजे तळवा नसलेला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढवायचा लोकरी मोजा होय. त्यावर घातली जाणारी पिळाची वीण, म्हणजे वेणीसारखा दिसणारा उठावदार पट्टा, ही वरून लावलेली नक्षी नसून विणकामाच्या क्रमात केलेला बदल असतो : सहा सुलट टाक्यांपैकी पहिले तीन एका आखूड तिसऱ्या सुईवर उतरवून पुढे लोंबते ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे, आणि मग थांबवलेले तीन विणून घ्यायचे. दर आठव्या ओळीला ही अदलाबदल केली की दोन पदर एकमेकांवरून जात राहतात, आणि दोन्ही अंगांना घातलेले उलट टाके मागे सरकून पीळ वर उचलून धरतात. अशी वीण आडवी आकसते, म्हणून तेवढ्याच रुंदीला टाके जास्त लागतात. वस्त्र जाड होते आणि पदरांच्या पोटात जास्त हवा कोंडली जाते. शोभेसाठी केलेली गोष्टच येथे उपयोगाची ठरते.

तर्कसंग्रहाच्या भाषेत तेजाचे विषयरूप चार प्रकारचे असते, आणि त्यातले एक ‘उदर्य’, म्हणजे खाल्लेले अन्न पचवणारे जठरातले तेज होय. पोटऱ्यांना जाणवणारी ऊब ही या उदर्य तेजाची. लोकर आणि हवा ही अनुष्णाशीत द्रव्ये ती निर्माण करत नाहीत, तिची वाट फक्त अडवतात. शतकांपूर्वीच्या या वर्गीकरणाचे आणि आजच्या भौतिकशास्त्राचे पाये निराळे आहेत, आणि दोन्ही एकच आहेत असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही या एका जागी दोघांचे उत्तर जुळते. उत्तर असे की ऊब घालणाऱ्याची स्वतःची असते, विणणाऱ्याने ती दिलेली नसते.

मग विणणाऱ्याने दिले काय? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, येथे वस्त्राचाच दाखला घेतो, कारण कारणांचे विवेचन करताना तंतू आणि पट ही त्याची आवडती जोडी आहे. तंतू हे पटाचे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य कायमचे वसते ते कारण. तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, माग, धोटा ही निमित्त कारणे. या मताला आरंभवाद म्हणतात : पट ही तंतूंत आधी नसलेली, नव्याने आरंभ पावलेली वस्तू आहे. वेदान्ती शंकराचार्यांना हे मान्य नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादावर भाष्य करताना ते घडी घातलेल्या आणि उलगडलेल्या कापडाचा दृष्टान्त देतात. घडीत कापडाची लांबीरुंदी कळत नाही, उलगडल्यावर कळते, पण उलगडलेले कापड घडीतल्या कापडाहून वेगळे नसते, त्याचप्रमाणे पट हा तंतूंहून निराळा पदार्थ नसून तंतूंचीच प्रकट अवस्था होय. सुयांवरच्या विणकामात हा वाद अधिक टोकदार होतो. मागावरच्या कापडात निदान उभे-आडवे असे अनेक धागे असतात. येथे आदिपासून अंतापर्यंत एकच धागा स्वतःच्याच फासांतून जात राहतो. नैयायिकाला येथे संयोग दाखवायचा तर एकाच धाग्याच्या अवयवांचा दाखवावा लागेल. पण वेदान्त्यालाही एक गोष्ट सांगावी लागेल : गुंड्यातल्या धाग्याने पाय उबदार राहत नाहीत, पिळातल्या धाग्याने राहतात. विणणाऱ्याने द्रव्य वाढवले नाही आणि तेजही वाढवले नाही. दुसऱ्याचे तेज दुसऱ्यापाशी राहावे अशी रचना मात्र केली, आणि तिच्यात स्वतःचा वेळ घातला.

हे मान्य केले की भक्तिमार्गावरचा एक जुना आक्षेप वेगळा दिसू लागतो. उजनीतून सुटलेली भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, आणि तेथे कार्तिकी यात्रेनंतर प्रक्षाळपूजा होते. यात्राकाळात भक्तांसाठी अखंड उभ्या राहिलेल्या विठ्ठलाचा शिणवटा घालवण्याची ही पूजा. तीत देवाला काढाही दिला जातो. त्यानंतर थंडीच्या दिवसांत मूर्तीला कानपट्टी, शाल, रजई असा उबदार पोशाख केला जातो. आक्षेप असा, की पाषाणाला उदर्य तेज नाही आणि परब्रह्माला थंडी नाही. तेव्हा हा उपचार, म्हणजे देवाला पाहुणा मानून केलेली सेवा, कोणासाठी? यावर ‘ते भक्ताच्या समाधानासाठी’ असे जे उत्तर नेहमी दिले जाते, ते भक्तीला कमी लेखणारे आहे. रजई देवाला उष्णता पुरवते असे भक्ताचे म्हणणेच नसते. रजई तर माणसालाही पुरवत नाही. पांघरूण घालणे म्हणजे ‘तुझे तुझ्यापाशी राहो’ असे हाताने म्हणणे, आणि हे म्हणणे ज्याला कशाचीच उणीव नाही त्याच्याही बाबतीत निरर्थक होत नाही. उलट मागणे आणि पुरवणे गळून पडल्यामुळे तेथेच ते सर्वांत शुद्ध असते.

विठ्ठलाच्या रूपामागे गवळी-धनगरांचा देव आहे, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे, आणि बारामती-इंदापूरच्या माळावर त्या नात्याची खूण अजून दिसते. तुकाराम महाराजांची पालखी आषाढवारीत काटेवाडीला येते तेव्हा परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगणात पळवतात. या मेंढ्या दख्खनी जातीच्या, बहुधा काळ्या, भरड लोकरीच्या. तिचे सूत चालता चालता चातीवर कातायचे, खड्डामागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ करायचे, अशी घोंगडी होते. ती पाऊस झेलते, थंडी अडवते आणि देवकार्यात बैठक म्हणूनही अंथरली जाते. सोवळ्याच्या विचारातही लोकरीला मान आहे : सुती वस्त्र रोज धुवावे लागते, लोकरीची धाबळी मात्र न धुता चालते. आज त्याच भरड लोकरीला गिऱ्हाईक उरलेले नाही, कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून ती पुष्कळदा माळावरच टाकून दिली जाते, आणि बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मऊ गुंडे मिळतात ते बहुतांशी ॲक्रिलिकचे असतात. अंगाला टोचणारी दख्खनी लोकर नाजूक पिळाच्या विणीला सोयीची नाही हे खरे; तरीही देवाभोवती पळालेल्या मेंढीची लोकर उकिरड्यावर जावी, ही ज्याला खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

विणलेल्या लोकरी मोज्याचे आयुष्य मात्र झिजण्याने संपत नाही. मूल वाढले की घरातली बाई शेवटची गाठ शोधून सोडते, आणि आठवड्यांचे काम तासाभरात उसवते. हातात येतो तो धागा पूर्वीइतकाच लांब, पण सरळ नसतो. प्रत्येक टाक्याचे वळण त्यात कुरळे होऊन राहिलेले असते. नैयायिक यालाही नाव देतो : संस्कार. त्याचे तीन प्रकार आहेत. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. आत्म्यात राहून स्मृती घडवणारी ती भावना, आणि वाकवलेल्या वस्तूला पूर्वस्थितीत आणणारा तो स्थितिस्थापक. वेताच्या चटईत किंवा लोकरीच्या धाग्यात असतो तो हा. माणसाच्या आठवणीला आणि धाग्याच्या वळणाला एकाच शब्दाच्या छत्राखाली आणण्याचे धाडस या शास्त्राने केले आहे. उसवलेल्या धाग्याची लड करतात, ती कोमट पाण्यात बुडवतात, खाली थोडे वजन बांधून सावलीत टांगतात. रात्रभरात वळणे ढिली होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी नव्या मापाचे टाके सुईवर घातले जातात.