उतारवयातील पहिले जहाज

साठी ओलांडल्यावर लाकडी जहाजाची प्रतिकृती बांधावयास घेणे उचित आहे काय? टेंभी नाक्यावरील एका निवृत्त गृहस्थांचा हा प्रश्न. खरा प्रश्न त्यामागे होता: वर्षे थोडीच उरली, तर पहिलाच संच तीन डोलकाठ्यांचा का घेऊ नये?

माझ्या मते घेऊ नये. कण्यावर बरगड्या नीट बसविणे, पातळ पट्ट्या भिजवून वाकविणे, टोकांकडे त्या तासून निमुळत्या करणे, हे हाताला लहान होडीवरच शिकवावे. पट्ट्यांचा पहिला थर पुढे दुसऱ्याखाली झाकला जातो खरा. पण तो वाकडा असेल तर वरचाही वाकडाच बसतो. आयुष्यभर इतरांना शिकविलेल्या माणसाला नवशिक्याची जागा जड जाते. मोठ्या जहाजाचा हट्ट पुष्कळदा धैर्यातून नव्हे, तर याच संकोचातून येतो.

आपल्या खाडीकाठीही आरंभ लहानच होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी येथे लढाऊ नौका बांधावयास घेतल्या. रुई लैतांव व्हिएगस व त्याचे पोर्तुगीज कारागीर १६५९ मध्ये काम अर्धवट टाकून निघून गेले. आरमार मात्र उभे राहिले, तेही बहुतांशी उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान गलबतांवर.

राहता राहिली अपुरेपणाची भीती. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी घडविलेल्या प्रतिकृतींत खालच्या बरगड्या मुद्दामच उघड्या ठेवीत. जहाज आतून कसे असते, ते त्यांतूनच दिसते.